निळी पिशवी

रेवतीने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं तेव्हा आम्ही दोघी मोठ्याने हसलो होतो. ते झाकण दोन दिवस मला दाद देत नव्हतं. गरम पाणी ओतून झालं, फडकं गुंडाळून झालं, शेजारच्या शिंत्र्यांना हाक मारून झाली. आणि ज्या मुलीला चार महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत येताना मध्ये खुर्चीवर टेकावं लागायचं, तिने एका झटक्यात ते फिरवलं.

"आई, तुझा घाम अंगी लागला बघ!" ती म्हणाली.

मी मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. खरं तर त्या दिवशी मी घाबरायला हवं होतं.

ज्यांना हे शास्त्र माहीत आहे त्यांनी पुढचं थोडं सोडून द्यावं. पण माझ्या वयाच्या बायका अजून मला विचारतात की हे घाम देणं म्हणजे काय, म्हणून सांगते. स्नायू म्हणजे हाडं ओढणारी नुसती दोरी नव्हे, ती एक ग्रंथीही आहे. माणूस चालतो, पळतो, ओझं उचलतो, तेव्हा स्नायू रक्तात शेकडो तऱ्हेचे रेणू सोडतात. हे रेणू हृदयाला, मेंदूला, हाडांना निरोप देतात. व्यायामाचा गुण येतो तो पुष्कळसा या निरोपांमुळे. पण कुठला निरोप जाणार, ते व्यायामावर ठरतं. सावकाश, बराच वेळ चाललं की श्वासातला प्राणवायू स्नायूंना पुरतो. तो एरोबिक व्यायाम. त्याचे निरोप हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना बळ देतात, दम वाढवतात. जड वजन उचललं, जिना पळत चढला, की प्राणवायू कमी पडतो. स्नायू मग त्याच्यावाचूनच साखर फोडतात, लॅक्टेट साठतं, मांड्या भरून येतात. तो ॲनेरोबिक. त्याचे निरोप ताकद वाढवतात, हाडं घट्ट ठेवतात, साखर आटोक्यात आणतात. धडधाकट माणसाला दोन्ही हवेत. आमच्या लहानपणी विहिरीचं पाणी शेंदणं आणि दोन मैलांवरच्या शाळेत जाणं यात दोन्ही आपोआप व्हायचं, कुणी त्याला व्यायाम म्हणत नव्हतं.

चार-पाच वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी हे निरोप एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचवून दाखवले. एकाने व्यायाम करायचा, अर्ध्या तासाच्या आत त्याच्या रक्तातला प्लाझ्मा काढून घ्यायचा, आणि ज्याला व्यायाम करताच येत नाही त्याला तो द्यायचा. देणाऱ्याचं काही कमी होत नाही, त्याचा गुण त्याच्याकडे राहतोच. एरोबिकची पिशवी निळ्या पट्टीची, ॲनेरोबिकची लाल. नाव ठेवलं व्यायामदान, लोक म्हणू लागले घाम देणं. मग व्हायचं ते झालंच. लग्नाच्या बायोडाटात उंची आणि रंगाखाली 'रोज पाच किलोमीटर धावते' असं यायला लागलं, आणि सासवा सुनांना पहाटे उठवून धावायला पाठवू लागल्या. पूर्वी दळायला उठवायच्या.

रेवती माझी एकुलती एक. बेचाळीस वर्षांची. पुण्याला हवामानाच्या कामात होती. दोन वर्षांपूर्वी साधा ताप आला आणि जाताना तिच्या हृदयाचा स्नायू ढिला करून गेला. हृदयाने दर ठोक्याला साठ टक्क्यांच्या आसपास रक्त पुढे ढकलावं, तिचं सत्तावीस ढकलत होतं. लग्न केलेलं नाही, वडील गेलेले. ती सांगलीला माझ्याकडे आली. डॉक्टर आरवाड्यांनी सांगितलं, "औषधं चालू ठेवू, निळ्या पिशव्या देऊन बघू. सहा महिन्यांनी मोजू. आकडा पस्तीसकडे सरकला तर ठीक, नाहीतर छातीत यंत्र बसवावं लागेल, आणि पुढे दुसऱ्या हृदयाच्या यादीत नाव."

नुसता रक्तगट जुळून भागत नाही, आणखी सहा खुणा जुळाव्या लागतात. साऱ्या जिल्ह्याच्या यादीत तिच्याशी जुळणारी एकच व्यक्ती निघाली. मी. वय चौऱ्याहत्तर.

"आजी, झेपेल?" आरवाडे म्हणाले.

"पोस्टात बत्तीस वर्षं काउंटरला बसले म्हणून बसकी समजू नका," मी म्हटलं. "त्याच्या आधी जिल्ह्याच्या कबड्डी संघात होते. चढाईला."

आठवड्यातून दोनदा, सकाळी सहाला, कृष्णेच्या काठच्या पायवाटेवर चाळीस मिनिटं. मनगटाला आणि छातीला पट्टा. पट्टा नाडी आणि वेग मोजायचा आणि मी हद्दीत आहे म्हणून हिरवा दिवा दाखवायचा. मग केंद्रात जाऊन आडवं पडायचं. तिथली तबस्सुम मुजावर ही मुलगी सुई अशी टोचायची की कळायचंही नाही. "काकू, आज किती वाजता उठलात? चहा घेतला नाही ना? खोटं बोलू नका, ओठाला साय आहे." दुपारी रेवतीच्या हाताला निळी पिशवी लागायची. माझ्या अंगातून निघालेलं तिच्या अंगात थेंब थेंब जाताना मी समोर बसून बघायचे.

तिला मी एकदा नऊ महिने पोटात वाढवलं होतं, पण तेव्हा काळजी नव्हती. आता होती. कारण आमच्यात म्हणतात, घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मी याच घरात, याच पुढच्या खोलीत उभी राहून रेवतीबद्दल एक वाक्य बोलले होते. तिला ते माहीत नव्हतं.

बरणीनंतर तीन आठवड्यांनी, भर दुपारी, वाळलेले कपडे घड्या घालताना तिचा हात थांबला.

"आई, छातीत पाखरू अडकल्यासारखं होतंय."

तिच्या छातीवर चिकटवलेली तपासणीची चकती त्याच क्षणी वाजायला लागली. पुढचा तास मला सलग आठवत नाही. रुग्णवाहिकेतलं रेवतीचं कपाळ आठवतं, गार आणि ओलं. आणि ती मला म्हणत होती, "तू श्वास घे, आई. तू का श्वास धरलायस?"

ठोके ताळ्यावर आले. चार दिवसांनी डॉक्टरांनी मला समोर बसवलं. त्यांनी केंद्रातल्या उरलेल्या नमुन्यांची सविस्तर तपासणी करून घेतली होती, जी एरवी होत नाही.

"गेल्या दीड महिन्याच्या निळ्या पिशव्यांत लाल निरोप सापडलेत," ते म्हणाले. "म्हणजे दुबळ्या हृदयाला आपण आठवड्यातून दोनदा सांगत होतो, जोर लाव, जोर लाव. हाताला ताकद आली असेल तिच्या?"

मला बरणी आठवली.

"हे कसं झालं?"

"पट्ट्यावर तुमची चाल अगदी बरोबर दिसतेय. म्हणजे केंद्रात पिशव्यांची अदलाबदल झाली असणार. त्या मुलीला रजेवर पाठवलंय, चौकशी चालू आहे. तोवर पिशव्या बंद."

मोजणीला पाच आठवडे उरले होते. मला त्या मुलीचा इतका राग आला की घरी येताना रिक्षात मी तिला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. साय दिसते ओठावरची, पट्टी दिसत नाही पिशवीवरची!

पिशव्या बंद झाल्या तरी माझं चालणं थांबलं नाही. घरात बसलं की रेवतीच्या चकतीकडे डोळे लागायचे, म्हणून मी रोजच जायला लागले. एका सकाळी मागून हाक आली.

"उज्जे! आगं थांब की, का रेल्वे पकडायचीय?"

ती कुंदा होती. आमच्या संघाची डावा कोपरा. पकड अशी की समोरची मुलगी रडायची. कवठ्याला असते, लेकाकडे आली होती. गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. आम्ही बरोबर चालायला लागलो. ती बोलत होती, मी हं हं करत होते. थोड्या वेळाने ती गप्प झाली आणि माझ्या तोंडाकडे बघत चालू लागली.

"काय बघतीस?"

"आजून दम घुमवतीस व्हय गं?"

"काय?"

"ओठ हलत्यात की तुझे. कबड्डी कबड्डी कबड्डी. त्या दिव्याच्या खांबापासनं ह्या बाकड्यापत्तोर एका दमात. मग एक श्वास घेतीस, की फिरून सुरू. मला वाटलं, म्हातारी कुणाला बाद करायला निघाली!" ती खळखळून हसली.

मी बाकड्यावर बसले.

कबड्डीत चढाईला जाणारीने एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. त्याला दम घुमवणं म्हणतात. श्वास तुटला की ती बाद. बाराव्या वर्षापासून मी तो घुमवला होता. मैदान सुटलं, सवय गेली नाही. गॅसचा सिलिंडर ओढताना, पाण्याची कळशी उचलताना, रेवतीच्या वेळी कळा देतानासुद्धा माझ्या ओठांवर तेच होतं, सुईणबाई म्हणाली होती, कुठला जप करतेय ही? मला स्वतःला ते ऐकूच येत नसे. आणि काळजी वाढली की दमही लांबतो. सुरुवातीचे तीन-साडेतीन महिने मी उमेदीने चालत होते. मग मोजणीची तारीख जवळ यायला लागली, आणि प्रत्येक फेरी माझ्यासाठी चढाई झाली. खांबापासून बाकापर्यंत तीस सेकंद श्वास कोंडलेला. पाय सावकाश, नाडी हद्दीत, पट्ट्यावर हिरवा दिवा. आणि आत स्नायू प्राणवायूवाचून तडफडत होते, रेवतीला लाल निरोप धाडत होते. पिशवी भरल्यावर लॅक्टेट तपासायचे, पण तोवर ते ओसरलेलं असायचं. निरोप मात्र राहायचे.

"काय झालं गं? तोंड का उतरलं?" कुंदा घाबरली.

"काही नाही. दम लागला."

नियम मला पाठ होता, कारण अर्जावर मीच सही केली होती. ज्याच्या व्यायामात दोष निघेल, त्याचं नाव वर्षभरासाठी यादीतून कमी. मी खरं सांगितलं तर रेवतीला घाम देणारं कुणी उरत नव्हतं. नाही सांगितलं तर चौकशी संपेल, ती मुलगी जाईल, पिशव्या पुन्हा सुरू होतील, आणि मी तोंड उघडं ठेवून चालायला शिकेन. कुणाला कळणार होतं? कुंदा कवठ्याला परत जाणार होती.

तीन दिवस मी गप्प राहिले. हे लिहायला सोपं नाही, पण राहिले. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना रेवती म्हणाली, "तबस्सुमचा मेसेज आलाय. विचारतेय, ताई, बरं वाटतंय का? चौकशी चालू असताना मला मेसेज करायचा नाही असं सांगितलंय तिला, तरी केलाय."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

"आई?"

"तिने नाही केलं ते," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. खांब, बाक, कुंदा, नियम.

रेवतीने हातातली जुडी खाली ठेवली.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार."

"तुझ्यासाठीच ना गं…"

"माझ्या नावावर टाकू नकोस," ती शांतपणे म्हणाली. तिला आवाज चढवायची मनाई होती, म्हणून तिचा राग फार सरळ यायचा. "त्या पोरीची नोकरी घालवून आलेली पिशवी मी हाताला लावून घेणार नाही. निळी असो नाहीतर सोन्याची. ऊठ, साडी बदल."

आरवाड्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आजी, पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कबड्डीमुळे बिघडलेला पेशंट पहिलाच." मग गंभीर झाले. नियम नियम होता.

तबस्सुमला त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं. ती आली, माझ्यासमोर उभी राहिली, बसली नाही.

"अकरा दिवस घरी होते, काकू. गल्लीत सगळ्यांना वाटलं मी कुणाला तरी मारलं. अम्मी दोनदा मिरजेच्या दर्ग्यात जाऊन आली."

"चुकलं माझं."

"दम घुमवला ते चुकलं नाही. ते तुम्हाला माहीत नव्हतं. सोमवारनंतरचे तीन दिवस चुकले."

मी मान खाली घातली. तिने तो विषय तिथेच ठेवला, पण विसरली नाही, हे मला तिच्या सुईवरून पुढे बरेच दिवस कळत होतं.

तरी मार्ग काढला तो तिनेच. केंद्राच्या समितीपुढे ती उभी राहिली. म्हणाली, "व्यायाम एरोबिक आहे का, हे ओळखायची एक फार जुनी, बिनयंत्राची कसोटी आहे. चालता चालता सलग बोलता आलं पाहिजे. जो बोलतोय त्याला दम कोंडता येत नाही, वाक्यावाक्याला श्वास घ्यावाच लागतो. काकूंना चाळीस मिनिटं बोलायला लावा. फोनवर कुणीतरी ऐकेल, सगळं रेकॉर्ड होईल. दहा सेकंदांच्या वर गप्प राहिल्या की ती पिशवी फेकून द्यायची. शिवाय प्रत्येक पिशवीची सविस्तर तपासणी, अहवाल आल्याशिवाय द्यायची नाही."

"पण ऐकणार कोण चाळीस मिनिटं?" समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

"मी," रेवती म्हणाली.

समितीने तेवढ्यापुरता नियमाला अपवाद केला, आणि असं ते सुरू झालं. सकाळी सहाला मी नदीकाठी, कानात यंत्र. रेवती घरी उशीला टेकून.

"हं, आई. बोल."

लोकांना वाटेल, म्हाताऱ्या बाईला बोलायला काय लागतं! पण कुणी घड्याळ लावून ऐकत असलं की शब्द पळून जातात. पहिल्या दिवशी मी मुगाची खिचडी कशी करायची ते सांगितलं, मग साबुदाण्याची, मग पुन्हा मुगाची. "नऊ सेकंद, आई!" असा आवाज आला की मी घाईने काहीही बोलायचे, समोर दिसेल ते. "बगळा. बगळा बसलाय. पांढरा आहे."

दुसऱ्या आठवड्यापासून आठवणी सुटल्या. पुराचं पाणी पोस्टाच्या दुसऱ्या पायरीवर आलं आणि आम्ही टपालाच्या थैल्या डोक्यावर घेऊन निघालो, ते. आमच्या वेळी संघाला बूट नव्हते, अनवाणी खेळायचो आणि रात्री कुंदा खोबरेल तेल गरम करून सगळ्यांच्या तळव्यांना चोळायची, ते. रेवतीचे बाबा मला पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांनी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले, ते. रेवती हसायची. हसताना तिचे ठोके नीट पडताहेत की नाही, हे मी कान देऊन ऐकायचे, जणू फोनमधून ते ऐकू येणार होते.

पिशव्या स्वच्छ निळ्या निघू लागल्या. पण आठवडे भराभर चालले होते. मोजणी सोमवारी होती. आदल्या गुरुवारी, शेवटच्या पिशवीच्या दिवशी, सतरा मिनिटं झाली आणि माझ्याकडचं सगळं संपलं.

"मग मी विचारू?" रेवती म्हणाली.

"विचार."

"आठवीत मी शाळेच्या संघात होते. जिल्ह्याला निवड झाली होती. आणि एका सोमवारी सरांनी मला एकदम बाहेर बसवलं. काही बोलले नाहीत. मी इतकी वाईट खेळायचे का गं? तू तर खेळलेली होतीस. तुला काय वाटायचं?"

मी दिव्याच्या खांबापाशी पोचले होते. सवयीने श्वास आत गेला, आणि तिथेच राहिला.

"चार," रेवती म्हणाली. "पाच. आई?"

कृष्णेचं पाणी अगदी सपाट होतं.

"सात. आई, पिशवी जाईल."

"सर आपल्या घरी आले होते," मी म्हणाले. शब्दाबरोबर श्वासही सुटला. "तुझी परवानगी मागायला. तू शिकवणीला गेली होतीस. बाबा ऑफिसात. पुढच्या खोलीत उभी राहून मी त्यांना सांगितलं की तिचं हृदय नाजूक आहे, डॉक्टरांनी पळू नको म्हटलंय. खोटं होतं. ते बिचारे घाबरले. म्हणाले, बाई, मी कुणाला बोलणार नाही, पोरीलाही नाही."

पलीकडे काहीच नाही.

"का सांगितलं, ते पण सांगते. त्याच्या आदल्या शनिवारी मी शाळेच्या कुंपणामागे, कडुलिंबाआड उभी राहून तुझा सामना बघितला होता. तुला माहीत नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला एकोणिसाव्या वर्षी घरच्यांनी थांबवलं, राज्याच्या निवडीला चार दिवस असताना. आणि तुला कुणी थांबवत नव्हतं. बाबा तुला नवे बूट आणायला निघाले होते. मला तुझा हेवा वाटला, रेवा. पोटच्या पोरीचा. तुला थांबवणारी मग मीच झाले."

पलीकडून श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मी घड्याळ बघितलं, अजून एकवीस मिनिटं होती.

त्या एकवीस मिनिटांइतकी लांब चढाई मी आयुष्यात केली नाही. ती ऐकतेय का, फोन ठेवलाय का, तिच्या छातीत पुन्हा ते पाखरू फडफडतंय का, काही कळायला वाव नव्हता. धावत घरी जावं तर पिशवी जाणार, थांबावं तर पिशवी जाणार. मी बोलत राहिले. वास्तूचं सांगितलं. म्हटलं, मी सुशिक्षित बाई आहे, मला माहीत आहे तो विषाणू होता, भिंती तथास्तु म्हणत नाहीत. तरी दोन वर्षं मी त्या खोलीत दिवा लावताना भिंतींची माफी मागतेय. तुझी मागायची सोडून. ते बोलून झालं तेव्हा मी पुन्हा मुगाच्या खिचडीवर आले. डाळ भाजून घ्यायची. हिंग थोडा जास्त. आवाज फुटत होता, वाक्यावाक्याला श्वास घ्यावा लागत होता, आणि रडणाऱ्या माणसालाही दम कोंडता येत नाही हे मला तेव्हा कळलं.

केंद्रात तबस्सुमने माझं तोंड बघितलं आणि काही विचारलं नाही. त्या दिवशी सुई कळली नाही.

अहवाल घेऊन दुपारी नर्स येणार होती. मी घरी आले. रेवती पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. चकतीचा दिवा हिरवा होता, ते मी आधी बघितलं. मग तिच्याकडे. डोळे सुजलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"सर्वात लांब गप्प राहिलीस ती आठ सेकंद," ती म्हणाली. "पिशवी चालेल."

नर्स आली तेव्हा मी दाराशीच उभी राहिले, आत जायचा धीर होईना. सोन्याची असली तरी लावून घेणार नाही, असं हीच मुलगी म्हणाली होती. रेवतीने नर्सच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बाही कोपरावर सारली.

सोमवारी आकडा आला. एकतीस.

पस्तीस नव्हे. आरवाड्यांनी कागद दोनदा बघितला. "मधल्या भानगडीत दीड महिना वाया गेला. पण दिशा बरोबर आहे. यंत्राची घाई नको. आणखी तीन महिने देतो. आजी, गळा जपा."

तीन महिने म्हणजे चोवीस पिशव्या. माझं पंचाहत्तरावं त्यांच्या मधेच कुठेतरी पडतं, आणि त्यानंतर परवानगी वाढवून मिळेल का, कुणी सांगू शकत नव्हतं. गुरुवारी सकाळी मी पट्टा बांधला, पायवाटेवर आले. कानात नुसती शांतता. मला वाटलं, आज ती दुसऱ्या कुणाला तरी ऐकायला बसवणार.

"आई."

"हं."

"मला काहीच आठवत नाही मी कशी खेळायचे ते. बाहेर बसवल्यावर मी ते सगळं मनातून काढून टाकलं होतं. घरातल्यांपैकी तूच एकटी आहेस जिने बघितलंय." ती थांबली. "कडुलिंबाआडून काय दिसलं ते सांग. पहिल्यापासून. काही गाळायचं नाही."

मी चालायला लागले.

"तू मध्यरेषेवर उभी होतीस," मी म्हणाले. "डावा पाय पुढे. माझ्यासारखा उजवा नाही, डावा. तुला कुणी शिकवलं होतं, कोण जाणे. समोर सात पोरी हात धरून होत्या. तू वाकून मातीला हात लावलास, कपाळाला लावलास, आणि एक श्वास घेतलास. मी तिथून पंधरा हातांवर होते, रेवा, मला तो ऐकू आला. आणि मग तू आत शिरलीस…"

"बोल, आई. मी ऐकतेय."